सेव्र येथील पुष्पपात्रांवरील वर्षाक्षरे

फ्रान्समधील सेव्रच्या राजाश्रित कारखान्यात घडलेल्या अठराव्या शतकातील पोर्सलिनच्या पुष्पपात्रांच्या तळाशी परस्परांत गुंफलेले दोन रोमन 'एल' आढळतात. ही लुई राजांची नाममुद्रा होय. कारखाना व्हँसेन येथे असतानाच, १७५३ पासून, तिच्यासोबत वर्षदर्शक अक्षर लिहिण्याची प्रथा पडली. 'ए' म्हणजे १७५३, 'एच' म्हणजे १७६०, 'झेड' म्हणजे १७७७. फ्रेंचमध्ये विरळ असणारा 'डब्ल्यू' गाळल्याने पंचवीस अक्षरांत पंचवीस वर्षे मोजली गेली. १७७८ पासून अक्षरांचे द्वित्त सुरू झाले आणि राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, दुहेरी 'पी'पाशी हा क्रम खंडित झाला.

तथापि केवळ अक्षरावरून काळ ठरविणे धोक्याचे आहे. १८०० मध्ये कारखान्याची सूत्रे अलेक्सांद्र ब्रोंन्यार यांच्याकडे आल्यानंतर चित्रांकन न झालेली जुनी पात्रे विकण्यात आली. बाहेरच्या कारागिरांनी ती रंगविली व त्यांवर जुनी चिन्हेही लिहिली. अशा वस्तूत पात्र अस्सल असते, चित्र मात्र उत्तरकालीन.

म्हणून अक्षराची साक्ष मातीशी ताडून पाहावी लागते. आरंभीचे पोर्सलिन मृदू जातीचे होते; त्यावरील रंग झिलईत मुरलेले दिसतात. कठीण जातीस लागणारी केओलिन माती लिमोजच्या परिसरात १७६८ च्या सुमारास सापडली. या जातीत रंग झिलईच्या पृष्ठावरच राहतात. साहजिकच कठीण पोर्सलिनच्या पात्रावर 'एच' आढळल्यास ते चिन्ह बनावट समजावे. उलट मृदू पात्रावर तेच अक्षर असल्यास निर्णय तेथेच न थांबविता चित्रशैलीचीही परीक्षा करणे अवश्य ठरते.