शेततळ्यात सकर मासा येऊ देऊ नका



उजनीच्या जाळ्यात काळपट, अंगावर हाडासारखं कवच असलेला मासा येतो. तो सकर, कुणी हेलिकॉप्टर म्हणतं. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. काच साफ करतो म्हणून लोक घरच्या फिश टँकमध्ये ठेवतात, मोठा झाला की नदी-ओढ्यात सोडतात. घोळ तिथंच होतो.

अंडी घालायला तो काठाच्या मातीत बिळं पाडतो. पाणी उतरलं की काठ ढासळतो. मातीच्या शेततळ्याचा बांध त्यानं कमजोर होतो. शिवाय रोहू-मृगळच्या वाट्याचं शेवाळ आणि गाळातलं खाद्य तोच खातो. काटेरी परांनी जाळी फाटते ती वेगळी, आणि बाजारात त्याला विचारतं कोण?

बॅकवॉटर किंवा कॅनॉलचं पाणी तळ्यात घेताना पाईपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. मत्स्यबीज सोडण्याआधी टबात ओतून नीट बघा. सकर सापडला तर परत पाण्यात टाकू नका. नुसतं काठावर फेकूनही भागत नाही, पाण्याबाहेर तो कित्येक तास जगतो. मारून खड्ड्यात पुरा. ओळख पटत नसेल तर आधी फोटो पाठवा.