उडणारे आसन

१४ ऑक्टोबर २०१४ ची सायंकाळ. वायुसेनेचे एक सुखोई-३० विमान पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरण्यासाठी येत होते. धावपट्टी आता फार दूर नव्हती. इतक्यात, जेथे अष्टविनायकांपैकी चिंतामणीचे देवालय आहे त्या थेऊर गावाच्या परिसरात, विमानातील दोन्ही आसने वैमानिकांसह आकाशात झेपावली. हवाई छत्र्या उघडल्या व दोघेही सुखरूप भूमीवर उतरले. विमान मात्र चालकावाचून शेतात कोसळून नष्ट झाले. सुदैवाने जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही. पण नवल पुढेच आहे. वैमानिकांचे म्हणणे असे की, आसने सोडण्याची दांडी आपण ओढलीच नव्हती. ती आपोआप सुटली!

असे हे आसन असते तरी कसे? लढाऊ विमान ध्वनीच्या वेगाशी स्पर्धा करते. त्यातून नुसती उडी टाकणे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे. वाऱ्याचा दाब त्याला जागच्या जागी खिळवून ठेवतो. कसाबसा तो बाहेर पडलाच, तर विमानाची शेपटी त्याच्यावर आदळण्याचे भय असते. म्हणून वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकून देण्याची युक्ती निघाली. हिलाच 'इजेक्शन सीट' म्हणतात. दांडी ओढताच डोक्यावरचे काचेचे छत उडून जाते. आसनामागील नळीत दारूचा स्फोट होऊन आसन रुळांवरून वर सरकते, आणि लागलीच त्याच्या बुडाशी असलेला अग्निबाण पेट घेतो. एक लहान छत्री आसनाला स्थिर करते; मग आसन गळून पडते व मोठी छत्री उघडते. हे सारे दोन-तीन सेकंदांत आटोपते! त्या धक्क्यात शरीराचे वजन क्षणभर १२ ते १५ पट झाल्यासारखे होते, आणि पाठ ताठ नसेल तर मणक्यांना इजा होते. दोन आसनांच्या विमानात मागचा वैमानिक आधी सुटतो. क्रम उलटा असता, तर पुढच्याच्या अग्निबाणाची ज्वाळा मागच्याच्या तोंडावर आली असती.

इंग्लंडमध्ये या कामी जेम्स मार्टिन नावाच्या यंत्रज्ञाने आपले आयुष्य वेचले. त्याचा भागीदार व मित्र व्हॅलेंटाइन बेकर हा १९४२ साली त्यांच्याच विमानाची परीक्षा घेताना अपघातात मरण पावला. ते दुःख मार्टिनच्या मनातून गेले नाही. वैमानिकाचा जीव कसा वाचेल, हाच त्याचा ध्यास झाला. २४ जुलै १९४६ रोजी त्याचा सहकारी बर्नार्ड लिंच ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानातून या आसनासह बाहेर फेकला गेला आणि सुखरूप उतरला. आज अशा आसनांनी हजारो वैमानिक वाचले आहेत. पुढे त्यांत इतकी सुधारणा झाली की, विमान जमिनीवर स्तब्ध उभे असले तरी ते आसन वैमानिकाला पुरेसे उंच नेऊन छत्री उघडू शकते.

परंतु यातच एक अवघड पेच आहे. हवे तेव्हा हे आसन निमिषार्धात सुटले पाहिजे, आणि नको तेव्हा काही केल्या सुटता कामा नये. म्हणून विमान जमिनीवर उभे असताना आसनाला अडसरासारख्या पिना घातलेल्या असतात. त्यांना लाल फिती बांधतात, म्हणजे त्या दुरूनही दिसाव्यात. उड्डाणापूर्वी वैमानिक त्या एकेक करून काढतो.

तरीही चूक होतेच. २०११ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये एका वैमानिकाचे आसन विमान जमिनीवर उभे असतानाच सुटले. दांडी आपल्या जागेवरून सरकलेली होती, आणि तशा स्थितीतही तिची पिन आत बसत होती. त्यामुळे पाहणाऱ्याला सारे ठीक दिसले. आसन वर गेले, पण मोठी छत्री उघडलीच नाही. एक बोल्ट प्रमाणाबाहेर घट्ट आवळला गेला होता. त्यामुळे जी कडी सुटून यायची ती अडकून राहिली. वैमानिकाचा अंत झाला. सैल राहिलेल्या बोल्टाने घात होतो हे आपण जाणतो. येथे घट्ट बोल्टाने घात केला!

थेऊरच्या घटनेनंतर वायुसेनेने आपली सुमारे दोनशे सुखोई विमाने जमिनीवर थांबविली. रशियातील तज्ज्ञही आले. त्या काळात प्रत्येक विमानातील आसने तपासण्यात आली, आणि काही आठवड्यांनंतरच ती विमाने पुन्हा आकाशात गेली.