मोटर पुन्हा का जळते? दोषाचं झाड मांडा



विहिरीवरची मोटर जळते. आपण ती भरून आणतो, आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा जळते. कारण वायंडिंग जळणं हे फळ झालं. मूळ तसंच राहतं.

मूळ शोधायची ‘दोषवृक्ष’ ही पद्धत १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत क्षेपणास्त्राच्या सुरक्षिततेसाठी निघाली. ती आपल्या विहिरीवरही चालते. कागदावर वर लिहा, ‘मोटर जळली’. खाली फांद्या काढा आणि प्रत्येकीला विचारा, ‘हे कशानं झालं?’

थ्री फेज मोटर बहुधा जळते ती जादा करंट ओढल्यानं ‘आणि’ तो वेळीच न तुटल्यानं. दोन्ही घडलं तरच मोटर जाते.

पहिली फांदी : करंट का वाढला? एक फेज गेला, ‘किंवा’ व्होल्टेज उतरलं, ‘किंवा’ पंप जाम झाला. यांतलं एकही पुरे.

दुसरी फांदी : तो तुटला का नाही? स्टार्टरचा रिले काढून मोटर डायरेक्ट जोडली, ‘किंवा’ रिले जास्त अँपिअरवर लावला.

आता पाहा. लाइन आपल्या हाती नाही, पण दुसरी फांदी आहे. ‘आणि’ची एक फांदी छाटली, की मोटर वाचते. तेव्हा जाणकार वायरमनकडून, मेन स्विच बंद ठेवून, रिले मोटरच्या पाटीवरील अँपिअरप्रमाणे लावून घ्या. सिंगल फेज प्रिव्हेंटरही बसवा. भरणावळ वाचेल, आणि ऐन पाळीला पीक तहानणार नाही.