हात हातात घेतला, तेव्हा...



गव्हावरचा तांबेरा वाऱ्यावर स्वार होऊन शेजारच्या रानात जातो, हे आपण जाणतो. एड्सही असाच स्पर्शाने, भांड्यांनी पसरतो, अशी धास्ती एके काळी विलायतेतल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही होती. रोग्याच्या जवळ जायला ते कचरत.

त्या दिवसांत, ९ एप्रिल १९८७ रोजी, लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठी खास वॉर्ड सुरू झाला. उद्‌घाटनाला युवराज चार्ल्स यांच्या पत्नी डायना आल्या. वय अवघे पंचवीस. त्यांनी हातमोजे न घालता एका रुग्णाचा हात हातात घेतला. छायाचित्रात तो रुग्ण पाठमोरा आहे. लोकांची भीतीच तेवढी होती! ते छायाचित्र जगभर गेले. हजार भाषणांनी झाले नसते, ते एका हस्तांदोलनाने झाले. पुढेही डायना अशा रुग्णांना भेटत राहिल्या. जून १९९७ मध्ये त्यांनी आपले उंची पोशाख लिलावात काढून पैसा कर्करोग आणि एड्सच्या कामाला दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपघातात त्यांचा अंत झाला.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका गावी पीकचर्चेला गेलो होतो. पारावर सर्वांना कपबशीत चहा आला. एका शेतकऱ्याला मात्र लांब बसवून फुटक्या कपात. कारण कुणीतरी माझ्या कानात सांगितले. मी शेतकीचा पदवीधर, रोग कसा पसरतो हे मला ठाऊक. तरी गप्प राहिलो. त्याच्या कपाशीच्या प्रश्नाला लांबूनच उत्तर दिले. ते आजही बोचते.

म्हणून स्पष्ट सांगतो. एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्याल्याने किंवा खांद्याला खांदा लावून खुरपल्याने नाही. सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत मिळते. ते रोज नेमाने घेतले, तर माणूस वर्षानुवर्षे शेत कसतो, संसार करतो. शंका असेल तर तपासणी करून घ्यावी. ती गुप्त ठेवतात. अशा माणसाशी भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

पण कायद्याआधी शेजारधर्म आहे. तुमच्या गावात असा कुणी असेल, तर पुढच्या वेळी चहा त्याला आपल्यातल्याच कपात द्या आणि शेजारी बसून प्या. मीही आता तेच करतो.