इंजिनाचा श्वास

१ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणून मोटारीला मोठे ‘नाक’ बसवण्याचा मोह होतो. पण साध्या इंजिनाला पुरेल एवढी हवा मूळच्या पेटीतून मिळतेच. बॉनेटखाली उघडा फिल्टर लावला, की आवाज भारदस्त होतो. आत मात्र तापलेली, विरळ हवा जाते. हवा १० अंशांनी गार असेल, तर सुमारे ३ टक्के दाट असते. शिवाय फिल्टरची जाळी सैल असली, तर धुळीने सिलिंडर झिजतो. म्हणून मी तीनच गोष्टी पाहतो : पेटी बंद हवी, नळी बाहेरची गार हवा घेणारी हवी आणि फिल्टर धूळ अडवण्यात मूळच्याहून उणा नको. हे जमत नसेल, तर नवा कागदी फिल्टर घालावा आणि उरलेल्या पैशांत मंडळींना महाबळेश्वर दाखवावे!