जुनी गाडी झटके का देते?

कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० अजूनही काही घरांत जपलेली दिसते. घाटात एक्सलरेटर दाबावा आणि पिकअप घेण्याऐवजी गाडीने हिसके द्यावेत, ही तिची नेहमीची तक्रार. ७९६ सीसीच्या या इंजिनाला सिलिंडर मुळात तीनच. त्यातला एक मिसिंग करू लागला की एक तृतीयांश ताकद गेलीच.

झटका नेमका कधी येतो, ते आधी पाहावं. पेडल दाबल्याक्षणी गाडी अडखळून मग नीट पळत असेल, तर संशय कार्ब्युरेटरमधल्या एक्सलरेटर पंपावर. थ्रॉटल अचानक उघडला की हवा लगेच आत शिरते, पेट्रोल मागे पडतं. ती तूट हा छोटा पंप जादा पेट्रोलची धार मारून भरून काढतो. त्याचा डायफ्रॅम फाटला की धार बंद. इंजिन थंड आणि बंद असताना एअर फिल्टर काढून थ्रॉटल हाताने उघडला, की धार येते का ते दिसतं. (जवळ विडी-सिगारेट नको, हे वेगळं सांगायला नकोच.)

चढावर गाडी दम सोडत असेल तर बहुधा पेट्रोल फिल्टर तुंबलेला. सतत मिसिंग असेल तर प्लग काढून बघा: फिकट तपकिरी टोक ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. प्लगच्या तारा तडकल्या असतील तर अंधारात, इंजिन चालू असताना, ठिणग्या दिसतात. पावसाळ्यात हा त्रास हमखास. काही गॅरेजवाले थेट कार्ब्युरेटर खोलायला घेतात. त्याआधी प्लग आणि तारा बघायला लावा, खर्च बराच वाचतो.