गाइडचा हंगाम : वाट दाखवायची आणि वेळेवर थांबवायचंही



आज आम्ही अशा कामाबद्दल बोलणार आहोत, जे आपल्यापैकी कित्येकींना कामच वाटत नाही. बाहेरगावचे पाहुणे येतात. धबधब्याकडे कसं जायचं, गडावर कोणत्या वाटेने चढायचं, लेणी कुठे आहेत, असं विचारतात. आपण हातातलं खुरपं खाली ठेवतो, चार पावलं पुढे होऊन वाट दाखवतो, वर तांब्याभर पाणी देतो आणि परत तासाला लागतो. हेच काम महाराष्ट्रात आणि देशात ठिकठिकाणी माणसं शिकून, जबाबदारीने आणि पैसे घेऊन करतात. जुना शब्द वाटाड्या. आता सगळे गाइड म्हणतात.

रेडिओवरच्या गप्पांमध्ये आम्हाला नेहमी विचारलं जातं, "आमच्या भागात लोक फिरायला येतात, मग आमच्या गटाला त्यातून काही मिळेल का?" मिळेल. पण किती मिळेल, कधी मिळेल आणि त्यात जोखीम काय, हे आधी नीट समजून घेऊ.

या कामालाही सुगी असते

पहिली गोष्ट अशी की हे बारमाही काम नाही. शेतीसारखाच याला हंगाम असतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला बघा. आपल्या राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, तिथेच आहे. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आला की तिथे झाडांवर काजवे चमकतात आणि ते पाहायला शहरातली माणसं येतात. हा बहर जूनच्या मध्यापर्यंत संपतो. मग पावसाळ्यात धबधबे आणि हिरवे डोंगर. त्याच भागात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. दोन्ही बाजूंनी उंच कडे आणि मधून अरुंद फट. तिथे गावची मुलं पाहुण्यांना आत घेऊन जातात, पण ते हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. पावसाळ्यात त्या फटीतून पाणी धावतं, तेव्हा आत जायचं नसतं. म्हणजे एकाच भागात एका कामाची सुगी ती दुसऱ्या कामाची सुट्टी.

ताडोबाच्या जंगलात प्रत्येक गाडीबरोबर नोंदणी झालेला गाइड लागतो, आणि आजूबाजूच्या गावांतल्या स्त्रियाही तिथे गाइड म्हणून काम करतात. पण मुख्य जंगलातली सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. कोकणात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. त्या स्वतः होडी वल्हवतात, पाहुण्यांना तिवराची झाडं, खेकडे, पक्षी दाखवून माहिती सांगतात. तिथेही पावसाळ्यात पाहुण्यांच्या होड्या किनाऱ्याला लागतात. आणखी लांब, लडाखमध्ये थिनलास चोरोल या बाईंनी २००९ साली फक्त स्त्रियांनी चालवलेली प्रवास कंपनी काढली. तिथल्या डोंगरवाटांचा मुख्य हंगाम उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांचा. पुढे बर्फ.

ताडोबा असो, वेंगुर्ला असो की लडाख, बंद हंगामाचा विचार आधी केल्याशिवाय हे काम टिकत नाही.

नांदेड-लातूरचं वर्ष कसं दिसतं?

आता आपल्याकडे या. आपलं वर्ष आपण पिकांवर मोजतो, तसंच मोजू.

मृग आणि आर्द्रा म्हणजे पेरणी. पुढे कोळपणी, खुरपणी. याच दिवसांत किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा भरून वाहायला लागतो. काळ्या खडकांमधून पाण्याच्या कितीतरी धारा कोसळतात. सुट्टीच्या दिवशी नांदेडहून, यवतमाळहून, तेलंगणातून माणसं येतात. गर्दी सगळ्यांत जास्त आणि धोकाही सगळ्यांत जास्त, असा हा हंगाम.

पुढे आश्विनात माहूरला रेणुकामातेचं नवरात्र असतं. पण नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी चालू असते. घरातून बाई बाहेर पडणार कशी, हा खरा प्रश्न असतो.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूरकडच्या किती घरांना कुलूप लागतं, हे आम्ही सांगायला नको. आणि बघा, फिरण्याचा सगळ्यांत चांगला हंगाम नेमका त्यानंतर सुरू होतो. मार्गशीर्ष ते माघ हवा थंड, वाटा कोरड्या. शाळांच्या सहली याच दिवसांत निघतात. माहूरचा किल्ला आणि पांडवलेणी, खंदकाने वेढलेला कंधारचा किल्ला, लातूरकडे औसा आणि उदगीरचे किल्ले, खरोशाची लेणी, देवर्जनजवळचं हत्तीबेट हे सगळं या दिवसांत बघण्यासारखं.

फाल्गुनापासून ऊन तापतं. तेव्हा सकाळी लवकर आणि संध्याकाळी थोडं काम, बाकीचा वेळ शिकण्याचा आणि पुढची तयारी करण्याचा.

यातून एक दिसतं. एकट्या बाईला हे काम झेपत नाही, कारण तिची शेती आणि पाहुणे एकाच वेळी बोलावतात. गटाने पाळ्या लावल्या, तर झेपतं.

कोलाडचं पाणी आणि आपलं पाणी

नदीवरच्या कामाचं नाव काढलं की पुष्कळ जणी कोलाडचं उदाहरण देतात. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीवर रबरी होड्यांतून लोकांना वाहत्या पाण्यात नेतात. मग पैनगंगेवर का नाही?

कारण समजून घ्या. मुळशी धरणाचं पाणी भिरा इथल्या वीजघरात येतं. वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सोडतात. सकाळी ठरलेल्या सुमाराला पाणी येतं आणि काही तासांनी उतरतं. तिथल्या गाइडला पाण्याची वेळ ठाऊक असते. नदीतला प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा असतो. अंगात जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, हातात दोर आणि मागे शिकवणीची वर्षं असतात.

आपली पैनगंगा अशी वेळ सांगून येत नाही. वर इसापूरचं धरण आहे. तिकडे दरवाजे उघडले की खाली पाणी वाढतं, आणि आपल्या डोक्यावर तेव्हा कडक ऊनही असू शकतं. वरच्या रानात ढग फुटला आणि ओढ्यांना पूर आला, तरी तेच. लातूरकडे उलटी तऱ्हा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलो नाही. ज्या मांजरेचं पात्र उन्हाळ्यात कोरडं दिसतं, तीच पावसाळ्यात पूल बुडवते.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे नदीवरच्या गाइडचं काम पाण्यात नेण्याचं नाही, पाण्यापासून लांब ठेवून पाणी दाखवण्याचं आहे. उभं कुठे राहायचं, कोणत्या खडकावर शेवाळ असतं, कोणत्या कपारीतून परतीची वाट पाण्याखाली जाते, हे गावच्या बाईला माहीत असतं. पाहुण्याला ते माहीत नसतं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती पाण्याच्या मधोमध खडकावर उभी होती आणि पाणी अचानक वाढलं. अशा वेळी आधी कुणीतरी "इथून पुढे नको" म्हणणारं असावं लागतं.

"आज नको" म्हणायचे पैसे कोण देणार?

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. गाइडला पैसे कधी मिळतात? पाहुण्यांना घेऊन गेल्यावर. आभाळ भरून आलंय, पाणी गढूळ झालंय, आणि समोर दहा जणांची गाडी उभी आहे. "आज नको" म्हटलं की तिची मजुरी बुडते. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या वावरातही गेलेली नसते. मग मन म्हणतं, जाऊ द्या, पटकन जाऊन येऊ. अपघात इथूनच सुरू होतात. बाई बेफिकीर नसते, घरी चूल पेटायची असते.

यावर उपाय बचत गटाजवळच आहे. आपण आजारपणासाठी, लेकरांच्या वह्या-पुस्तकांसाठी पैसे बाजूला ठेवतो, तसाच "बंद दिवसाचा निधी" ठेवायचा. हिशेब करून बघू. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

समजा, गटात ८ जणी आहेत आणि एका फेरीचे ६०० रुपये ठरले. हंगामात ६० फेऱ्या झाल्या. एकूण ३६,००० रुपये. प्रत्येक १०० रुपयांतले १० रुपये निधीत टाकले, तर ३,६०० रुपये जमतात. पाळीवर २ जणी असतील आणि बंद दिवशी दोघींना १५० रुपयांप्रमाणे ३०० द्यायचे ठरलं, तर १२ दिवस "आज नको" म्हणता येतं. उरलेले ३२,४०० रुपये आठ जणींत वाटले, तर एकीच्या वाट्याला ४,०५० रुपये येतात.

एवढ्यात वर्षाचं घर चालत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. या कामाच्या भरवशावर कुणी शेळ्या विकू नयेत की शिवणयंत्र बंद करू नये. पण शेतीला जोड म्हणून हा पैसा कामाचा आहे. जेवण, चहा, शेंगदाण्याची चटणी, गावरान डाळ अशी विक्री जोडली, तर वाटा वाढतो.

दोन नियम मात्र गटाच्या वहीत लिहून ठेवा. थांबवायचा निर्णय पाळीवरच्या बाईचा, त्यावर सरपंच असो की पाहुणा, कुणी दबाव आणायचा नाही. आणि थांबवलं म्हणून तिला गटात कुणी बोल लावायचा नाही.

गाइडला काय यायला हवं?

पाणी वाचता यायला हवं. स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलून घुमायला लागला, की वर पूर आलाय असं समजून लोकांना लगेच उंचावर न्यायचं. कुणी पाण्यात पडलं तर मागे उडी घ्यायची नाही. दोर, लांब काठी किंवा दोराला बांधलेला झाकणबंद रिकामा कॅन फेकायचा. असा कॅन धबधब्याजवळ कायम तयार ठेवायचा.

वीज ओळखता यायला हवी. आपल्या मराठवाड्यात विजेने दर वर्षी जीव जातात. वीज चमकली आणि ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती जवळ आहे. गडाचा माथा, मोकळं रान, एकटं झाड सोडून पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. पुण्याच्या हवामान संस्थेचं "दामिनी" हे ॲप फोनवर विजेची सूचना देतं.

किल्ल्यांत आणि लेण्यांत आग्या मोहोळ असतं. तिथे धूर करू द्यायचा नाही, दगड मारू द्यायचा नाही, अत्तर लावून आलेल्यांना जवळ जाऊ द्यायचं नाही. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. त्या माणसाला चालवायचं नाही, धीर द्यायचा आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा.

फोनला रेंज कुठे मिळते, ती जागाही माहीत हवी. किती जण आत गेले आणि किती बाहेर आले, ते मोजायची सवय हवी. कधीही एकटीने जायचं नाही, पाळी दोघींचीच.

परवानगी आणि योजना

जंगल असेल तर वनविभाग, संरक्षित किल्ला किंवा लेणी असतील तर पुरातत्त्व विभाग, आणि ग्रामपंचायतीचा ठराव, एवढं झाल्याशिवाय पैसे घेऊ नका. साहसी पर्यटनासाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे. दोरावर चढणं-उतरणं, होड्या अशी कामं नोंदणी आणि प्रशिक्षित माणसांशिवाय करता येत नाहीत.

स्त्रियांसाठी २०२३ पासून पर्यटन संचालनालयाची "आई" योजना आहे. स्त्रीच्या मालकीच्या, नोंदणी केलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज अटींनुसार परत मिळतं. हप्ते मात्र वेळेवर भरावे लागतात. विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. अर्ज करण्याआधी आत्ताच्या अटी विचारून घ्या. पण कर्जाची घाई नको. पहिला हंगाम दोर, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी आणि पाळ्यांची वही एवढ्यावरच काढा.

गटाच्या पुढच्या बैठकीत बोला

१. आपल्या गावाजवळ लोक काय बघायला येतात आणि कोणत्या महिन्यांत?
२. त्या महिन्यांत आपल्या शेतीची कोणती कामं असतात? पाळ्या कशा लागतील?
३. कोणत्या खुणा दिसल्या की त्या दिवशी वाट बंद ठेवायची?
४. बंद दिवसाचा निधी किती ठेवायचा?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ठरल्याशिवाय पहिला पाहुणा नेऊ नका, एवढी आमची विनंती. बैठकीत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.